भारिटाचं माहेर

समोरच्याला धक्का देण्याची विद्या उपजतच अंगात घेऊन आलेला असा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला, आणि तो नेमका माझाच साडभाऊ निघाला. साडभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पुण्यामुंबईकडे ज्याला नुसतं साडू म्हणून मोकळे होतात तो. आमच्या नागपुरात त्याला भाऊ जोडून दिलेला असतो, त्यामुळे तो थेट घरात येतो आणि मग तो जे काही करील त्याला आपणही थोडे जबाबदार ठरतो. मी जुन्या महाल भागातला, पोस्टात चौतीस वर्षं काढलेला साधा माणूस. माझ्या लेखी पक्ष्यांचे दोनच प्रकार होते, कावळा आणि बाकीचे. अशा माणसाला पहिला धक्का साडभाऊंनी त्याच्याच लग्नात दिला. सासऱ्यांच्या अंगणात मंडप होता आणि मंडपाच्या कोपऱ्यात आलेल्या पेरूच्या झाडात बुलबुलाची पिल्लं होती. घरचे थोरले जावई या अधिकारात साडभाऊंनी बँडवाल्यांना हात जोडून गप्प बसवलं, मंगलाष्टकं हळू आवाजात म्हणायला लावली आणि अक्षता पडल्यावर टाळ्या वाजवायला बंदी केली. माझं लग्न ज्या शांततेत लागलं त्या शांततेत आमच्या गल्लीत कुणाची तेरवीसुद्धा झालेली नाही. उशिरा आलेले माझे एक मावसकाका मागच्या रांगेत बसता बसता शेजाऱ्याला विचारत होते, "कोण गेलं गा?"

साडभाऊ सिंचन खात्यात नकाशे काढायचे. कुठला कालवा कुठून कुठे जातो हे त्यांना बिनचूक ठाऊक असायचं. स्वतः कुठे आहोत याचा मात्र त्यांना विसर पडायचा. एकदा सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात सिग्नल हिरवा झाला तरी ते हलेनात, कारण त्यांच्या स्कूटरच्या आरशावर एक फुलपाखरू येऊन बसलं होतं. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. ट्रॅफिकचा शिपाई तावातावानं आला तर साडभाऊंनी हळूच ओठांवर बोट ठेवलं. स्वतःच्या नव्हे, शिपायाच्या. नोकरीत असा प्रसंग त्याच्यावर आला नसावा, कारण फुलपाखरू उडेपर्यंत तोही खरंच गप्प उभा राहिला. शहराच्या कडेला बेसात त्यांनी घर बांधलं तेव्हा त्याच्या चारी बाजूंना तुरीची शेतं होती, आता इमारती आहेत. मध्ये एक रिकामा प्लॉट उरला होता, रुई आणि टाकळ्यानं माजलेला. कॉलनीनं तो साफ करायचं ठरवलं, तर दुसऱ्या दिवशी तिथे साडभाऊंच्या रेखीव अक्षरात पाटी लागली: 'येथे बाळंतपणे चालू आहेत. गडबड करू नये.' रुईच्या पानांखाली फुलपाखरं अंडी घालतात म्हणून. आठवड्याच्या आत एक आजीबाई ऑटो करून आल्या आणि दवाखाना कुठे म्हणून विचारू लागल्या. साडभाऊंनी त्यांना आत नेलं, एकेक पान उलटून अंडी दाखवली, वरून चहा पाजला. आजीबाईंची दिवस भरलेली सून तोवर ऑटोत बसून होती. शेवटी माझ्या मेहुणीनं, म्हणजे आमच्या ताईनं, हे पाहिलं आणि स्वतः ऑटोत बसून त्या दोघींना खऱ्या दवाखान्यात पोचवलं.

पण त्यांचं खरं वैर धाग्याशी. संक्रांतीला नागपूरचं आकाश पतंगांचं असतं आणि पुढचे पंधरा दिवस झाडं मांजाची असतात. त्या नायलॉनच्या मांजात पाखरांचे पंख कापले जातात, हे साडभाऊंच्या जिवाला लागलेलं. लांब बांबूला विळा बांधून ते स्कूटरवरून गावभर हिंडतात आणि झाडं मोकळी करतात. काम पुण्याचं आहे, पण झाडावर जे लोंबतं ते सगळं मांजा, अशी त्यांची दृढ श्रद्धा आहे. आमच्या गल्लीतला पिंपळ त्यांनी साफ केला तेव्हा मांजाबरोबर शेजाऱ्यांची कपडे वाळत घालायची दोरी आणि अख्ख्या गल्लीच्या टीव्हीची वायरही खाली आली. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तर त्यांनी बेसातल्या वडाला बायकांनी गुंडाळलेलं सूत कापून काढलं, कारण वडाच्या ढोलीत पिंगळ्याचं घर होतं आणि त्याचं दार बंद झालं होतं. कॉलनीतल्या बायका दारावर आल्या. त्या सुतात ताईचंही सूत होतं. ताई मात्र शांतपणे म्हणाली, "सात जन्माचं काम होतं वं बायांनो, आता एवढा एक निभावला की सुटली मी."

अशा माणसाच्या डोळ्यांनाच काही व्हावं, हे ऐकून आम्हाला बसलेला धक्का मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, औषधानं वेग कमी होईल, पण बारीक दिसणं हळूहळू जाईल. किती दिवसांत ते सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी साडभाऊंनी आम्हा सगळ्यांना बोलावून जाहीर केलं की मे महिन्यात बल्गेरियाला जायचं आहे. मला आधी वाटलं, तिथे डोळ्यांचा कुणी मोठा डॉक्टर असेल. तसं काही नव्हतं. तिथे भारीट गातो, एवढंच होतं.

भारीट म्हणजे चिमणीएवढा पक्षी. काळ्या डोक्याचा, पिवळ्या पोटाचा. हिवाळ्यात आपल्याकडे ज्वारीच्या शेतावर त्यांचे थवे उतरतात. साडभाऊंचं लहानपण काटोलकडच्या एका खेड्यात गेलं, आणि शाळा सुटली की शेतात जाऊन भारीट हाकलणं हे त्यांचं काम होतं. ते काम त्यांना कधीच जमलं नाही, कारण हाकलण्याऐवजी ते पाहत बसायचे. पुढे कधीतरी त्यांनी वाचलं की हा पक्षी आपल्याकडे फक्त खायला येतो. गातो तो तिकडे बल्गेरियाकडे, बाल्कनात, वसंत ऋतूत, घरटं करतो तेव्हा. तेव्हापासून त्यांच्या मनात ते बसलं होतं. सासरी पोटभर जेवून गेलेल्या माणसाला एकदा माहेरी जाऊन गाताना पाहायचं, असं काहीसं ते ताईला समजावून सांगत होते. नोकरीत सवड झाली नाही, नंतर राहून गेलं, आणि आता डोळ्यांनीच घाई लावली. "ऐकलं तं कुठूनबी ऐकता येते," ते म्हणाले, "मले तो गाताना पाहायचा आहे. तवा तो कसा दिसते, ते."

ताईनं एकच अट घातली. दिसत असेल तरच जायचं. परक्या देशात डोंगरदऱ्यांतून आंधळ्या माणसाला धरून हिंडायला ती तयार नव्हती. तिनं आमच्यासमोर त्यांना आपल्या गळ्याची शपथ घालून विचारलं आणि साडभाऊंनी तिच्याकडे जरा तिरपं पाहत सांगितलं, "दिसते." मग सोबत म्हणून आम्हा दोघांना ओढण्यात आलं. माझ्या बायकोनं युरोप म्हटल्यावर बर्फ गृहीत धरला होता. दोघी बहिणींनी भर एप्रिलच्या उन्हात सीताबर्डीवर फिरून लोकरीच्या टोप्या घेतल्या, बर्फात उभं राहून कुठला फोटो काढायचा हेही ठरवलं. विमानातून उतरून चार तास मोटारीनं गेल्यावर आम्ही जिथे पोचलो तिथे बर्फ नव्हता, मनोरा नव्हता, सरोवर नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी एक पन्नास घरांचं गाव होतं आणि त्याच्या चहूकडे गवत होतं. बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही.

आम्हाला पाखरं दाखवायला एक तरुण मुलगी नेमलेली होती. तिचं नाव बरंच लांब होतं, पण घरचे सगळे तिला देसी म्हणत. नागपूरच्या माणसाला हे नाव पचायला जड आहे, आमच्याकडे देसी बाटलीत मिळते. पहिल्याच संध्याकाळी साडभाऊंनी आनंदानं सांगितलं की सकाळी सहाला देसी येते आणि मग दिवसभर आपण देसीबरोबरच. ते ऐकून माझ्या बायकोच्या हातातला चिवड्याचा डबा खाली पडला. दुसरा गोंधळ घरमालकिणीचा. सत्तरीची, जाड चष्म्याची ही बाई देसीची आजी होती आणि त्यांच्या भाषेत आजीला बाबा म्हणतात. त्यामुळे ताई आठ दिवस त्या नऊवार नेसवावी अशा ठसठशीत म्हातारीला बाबा म्हणत होती आणि दर वेळी स्वतःच दचकत होती. त्यात तिथले लोक हो म्हणताना मान आडवी हलवतात आणि नाही म्हणताना उभी. आणखी दही हवं का म्हणून बाबानं विचारलं की मी नको म्हणून मान हलवायचो आणि ती वाटी भरायची. साडभाऊंची मान आपल्याकडे हलते तशी, ना धड आडवी ना उभी. बाबा त्यांच्यापुढे अर्धी वाटी ठेवायची. या दोघांचं मात्र छान जमलं. ती तिच्या भाषेत बोलायची, हे वऱ्हाडीत, आणि दोघंही एकमेकांना बरोबर उत्तरं देत आहेत असं पाहणाऱ्याला वाटायचं.

ते माळ कसे होते ते मला नीट सांगता येणार नाही. नागपुरात त्या दिवसांत डांबर वितळत होतं आणि इथे गुडघाभर गवतात लाल, जांभळी, पिवळी फुलं इतकी होती की पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडायचा. साडभाऊ पाय ठेवतच नव्हते, ते आडवेच व्हायचे. एका पोटरीएवढ्या झुडपापाशी ते तीन तास पालथे पडून होते, नाक फुलाला टेकवून. रस्त्यानं जाणाऱ्या एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर थांबवला आणि देसीला काळजीनं काही विचारलं. आमचा माणूस जिवंत आहे याची खात्री पटल्यावरच तो पुढे गेला. एकदा मी एका फुलावरची मधमाशी झटकायला गेलो तर साडभाऊंनी माझा हात धरला. ती मधमाशी नव्हतीच, ते फूलच तसं होतं. मधमाशीला फसवण्यासाठी फुलानं मधमाशीचं सोंग घ्यावं, हे पोस्टातल्या माणसाला फार झालं. मी तिथेच गवतात बसलो. शेपटीवाली मोठी पिवळी फुलपाखरं माझ्या टोपीवर बसत होती आणि मला त्यांना हाकलायचंही सुचत नव्हतं.

पाखरांच्या बाबतीत तर साडभाऊंनी देसीलाही गार केलं. तिनं दुर्बीण डोळ्याला लावायच्या आत हे नाव सांगून मोकळे. हुदहुद दिसायच्या आधी हुदहुद, हळद्या दिसायच्या आधी हळद्या. बेसातल्या तारेवर बसणारा वेडा राघू तिथेही निघाला तेव्हा तर त्यांनी त्याला, "काहून गा, तूबी इथंच का?" असं मोठ्यांदा विचारलं. पण त्यांच्या काही तऱ्हा मला खटकत होत्या. कुठेही बघायचं झालं की कोंबडी बघते तसे मान वाकडी करून एका बाजूनं बघायचे. आम्ही दोन शब्द बोललो तरी चिडायचे. देसीनं दिलेली दुर्बीण गळ्यात अडकवलेली, पण ती डोळ्याला क्वचितच लागे. मला वाटायचं, वय वाढलं तसा विक्षिप्तपणाही वाढला. भारीट मात्र येत नव्हता. तो या दिवसांतच येतो, आज किंवा उद्या, असं देसी रोज म्हणायची आणि रोज संध्याकाळी साडभाऊ अर्धी वाटी दही खाऊन झोपायचे. आठांतले सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी सकाळी मी चहासाठी अंगणात आलो आणि जागीच थिजलो. बाबाच्या अंगणात फाटकाशी आलुबुखाराचं जुनं झाड होतं. त्याच्या फांद्यांवर लाल-पांढऱ्या लोकरीचे शेकडो धागे बांधलेले होते, कुणाला गोंडे, कुणाला इवल्या बाहुल्या. आम्ही आलो त्या दिवशीच मला ते दिसले होते आणि इथेही काही वटपौर्णिमेसारखं असेल असं म्हणून मी सोडून दिलं होतं. आता झाड बोडकं होतं. खाली साडभाऊ उभे होते, हातात ताईची कात्री, पायाशी धाग्यांनी भरलेली टोपली, आणि चेहऱ्यावर नागपुरात संक्रांतीनंतर असतं ते कृतार्थ हसू. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "पहाटेपासून लागलो तवा झालं. या लोकाइले समजत नाही गा, पिल्लाचा पाय अडकला तं काय होईन. हाताला लोकर लागत होती, पण म्हटलं, थंड देश आहे, इथला मांजाबी गरम असन."

तेवढ्यात बाबा दुधाचं भांडं घेऊन बाहेर आली. तिनं झाडाकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि भांडं हातात तसंच धरून बाकावर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. फाटकावरून जाणाऱ्या दोघी शेजारणी थांबल्या, त्यांनी आणखी दोघींना हाक मारली. देसी मोटार थांबवून उतरली आणि झाड पाहून तिचाही चेहरा उतरला. मग तिनं आम्हाला इंग्रजीत समजावलं. मार्चच्या पहिल्या दिवशी तिथले लोक एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा धागा बांधतात. मार्तेनित्सा म्हणतात त्याला. तो काढायचा नसतो. करकोचा परदेशातून परत येतो, तो ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं आपला धागा सोडून फळझाडाला बांधायचा आणि वर्षभराची तब्येत मागून घ्यायची. त्या झाडावर साऱ्या गावानं बांधलेले होते. मी हे सगळं मराठीत सांगत गेलो तसे साडभाऊ पांढरे पडत गेले. कात्री त्यांनी हळूच टोपलीत ठेवली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

मग बाबानं देसीला काही विचारलं आणि देसीनं आम्हाला. प्रश्न अगदी साधा होता. धागे परत बांधता येतील, झाडाला ते चालतं. पण ज्याला करकोचा दिसला आहे त्यानंच बांधायला हवेत, तर तुम्हाला चौघांना तो दिसला आहे ना? हा प्रश्न कशाला, असं मला वाटलं. समोर रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबावर मोठं थोरलं काटक्यांचं घरटं होतं आणि त्यात करकोच्यांचं जोडपं सहा दिवस उभं होतं, चोची टकटक वाजवत, माणसाएवढं ठळक. मी हो म्हणालो, बायको हो म्हणाली, ताई हो म्हणाली. साडभाऊ खाली पाहत म्हणाले, "आवाज रोज ऐकतो."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. "आवाज नाही विचारला तिनं."

"खांबा दिसते," ते म्हणाले. "खांब्याच्या वर धुकं दिसते."

"हे धागे कोणत्या रंगाचे होते?"

त्यांनी टोपलीत हात घालून धागे नुसते चाचपले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का कोणता, असं कुणी विचारलं तर मी ही वेळ सांगेन. सहा दिवसांत जे जे मला विक्षिप्तपणाचं वाटलं होतं ते एकेक करून माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. फुलाला नाक टेकवून पडणं, मान वाकडी करून कडेनं पाहणं, आम्हाला गप्प करणं, दुर्बीण नुसती मिरवणं, देसीच्या आधी नाव सांगणं. या माणसानं अख्खा वसंत कानानं आणि नाकानं पाहिला होता आणि आम्हाला पत्ता लागू दिला नव्हता. "मंग दिवसभर पाहून राहिले होते ते काय?" ताईनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता.

"आयकून राहिलो होतो," ते म्हणाले. "शपथ घेतली तवा दिसत होतं वं, खरंच. मंग गेलं थोडं थोडं. सांगितलं असतं तं तू येऊ नसतं दिलं."

मला वाटलं, आता ताई रडेल किंवा भांडेल. नवरा गळ्याची शपथ घेऊन खोटं बोलला तर नागपूरची बाई दोन्ही करू शकते. तिनं टोपली उचलली, झाडाजवळ नेली, एक धागा फांदीला गुंडाळला आणि मागे न वळता म्हणाली, "बोट ठेवा इथं. गाठ सुटते." साडभाऊ गेले. तिनं त्यांचं बोट धरून गाठीवर ठेवलं आणि त्यावरून दुसरी गाठ मारली. तसं करत करत टोपली रिकामी होऊ लागली. मग शेजारणीही आत आल्या. प्रत्येकीचं म्हणणं की आपला धागा आपण ओळखतो, आणि एकाच धाग्यावर तिघींनी हक्क सांगितल्यामुळे तिथे थोडी बाचाबाचीही झाली. माझी बायको झाडाला धागा लागला म्हणून सवयीनं प्रदक्षिणा घालू लागली, तर दोन म्हाताऱ्या तिच्यामागून चालू लागल्या. बाबानं दूध तापवून आणलं. साडभाऊंच्या गालावर तिनं हलकेच चापट मारली आणि आपला जाड चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांना लावून पाहिला. त्यांनी मान हलवली. या वेळी ती कुठल्या बाजूनं हलली हे कुणीच विचारलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी देसी धावत आली. भारीट आले होते. गावाबाहेरच्या माळावर रानगुलाबाची झुडपं होती, खाली तांबड्या फुलांचं नुसतं रान. साडभाऊंनी पहिल्यांदाच माझा दंड धरला. एरवी त्यांनी स्वतःच्या घराच्या पायऱ्याही मला धरून कधी चढलेल्या नाहीत. बायका आणि देसी मागे थांबल्या. पन्नासेक पावलांवर एका झुडपाच्या शेंड्यावर काहीतरी पिवळं होतं आणि तिथून आवाज येत होता, आधी अडखळत एकेक थेंब पडावा तसा, मग एकदम घाईघाईनं ओतलेला. साडभाऊ थांबले. त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली. त्यांनी मान डावीकडे वाकडी केली, मग उजवीकडे, मग सरळ केली आणि तशीच ठेवली.

"सांग गा," ते म्हणाले.

मी काय सांगणार? मी म्हणालो, पिवळा आहे. पिवळा कसा, हळदीसारखा का लिंबासारखा, असं त्यांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदा मी एका पाखराकडे नीट पाहिलं आणि म्हणालो की लाल तर्री टाकायच्या आधीच्या पोह्यासारखा. ते हसले, म्हणाले बरोबर आहे, पुढे सांग. मी सांगत गेलो. डोकं काळं, जणू कानटोपी गालापर्यंत ओढून घेतली आहे. पाठ विटकरी. गाताना मान मागे टाकतो, चोच आभाळाकडे करतो, आणि गळ्याची पिसं थरथरतात. शेपटी? शेपटी लांब आहे, दर तानेला जरा खाली जाते. काटोलच्या ज्वारीत तो असा कधीच दिसला नाही, ते म्हणाले, तिथे सदा मान खाली, खाण्यावर. मी आणखी सांगितलं, वाऱ्यानं झुडूप हलतं पण तो पाय सोडत नाही, एवढासा जीव पण बसलाय ऐटीत. साडभाऊ एखादं गाणं ऐकावं तसे माझं बोलणं ऐकत होते. त्यांचे डोळे उघडे होते आणि थेट त्या झुडपावर लागले होते.

आणि भारीट उडाला. उडाला तो आमच्या डोक्यावरून मागच्या माळावर कुठेतरी गेला. शेंडा हलत राहिला, रिकामा. मला ते सांगवेना. इतकी वर्षं ज्या माणसानं मला एकामागून एक धक्के दिले त्याला एवढा एक धक्का द्यायचं माझ्या जिवावर आलं. मी बोलतच राहिलो. आता इकडे बघतोय, मी म्हणालो. आता पंख जरा उघडले. उन्हात पाठ चमकते आहे. खाली तांबडी फुलं, वर हा पिवळा, मागे निळा डोंगर. मी पाहिलेलं संपलं तेव्हा न पाहिलेलंही सांगितलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटू लागला.

मग माझ्या दंडावरची साडभाऊंची पकड जरा सैल झाली.

"तो गेला गा मघाशीच," ते हळू आवाजात म्हणाले. "मागं गाऊन राहिला तो आता. पण तू थांबू नको. चांगलं सांगून राहिला तू."

मी पुन्हा त्या रिकाम्या शेंड्याकडे पाहिलं आणि सांगू लागलो.